गडग्यापलीकडचं जायफळ

मु. पो. आरोंदा, जिल्हा रत्नागिरी
गुरुवार, ता. १० फेब्रुवारी १९६६

तीर्थस्वरूप परशुदादा यांचे सेवेसी,

आपल्या दोन परसांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडून गुणाजीचा साष्टांग नमस्कार पोचावा. इकडे आम्ही सर्व मंडळी सुखरूप आहोत. तिकडची खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, नाही तर तुमचा खोकला रविवारपासून छातीत उतरला आहे हे मला आमच्या ओटीवर बसून ऐकू येतं, आणि काल तुमच्याकडे बांगड्यांचं तिकलं झालं होतं हे वासावरून कळलं. (तिरफळं जरा जास्त पडली होती. खोकल्याला ती बरी नव्हेत. अडुळशाचा काढा घ्यावा.) सुगंधावहिनींना नमस्कार सांगावा.

आपल्या दोन घरांत वीस पावलांचं अंतर असताना हा माणूस पाकिटाला तिकीट लावून पत्र का पाठवतो, असं तुमच्या मनात येईल. दादा, पंचावन्न सालापासून आपला अबोला आहे आणि तो आपण दोघांनीही फार काटेकोर पाळला. तीन वर्षांमागे तुमच्या गोठ्याच्या शाकारलेल्या छपराला आग लागली तेव्हा मी बोंब मारली तीसुद्धा तुमचं नाव न घेता, आभाळाकडे बघून. (आग विझल्यावर तुम्हीही आभाळाकडे बघूनच ‘बरां झालां, कोणी तरी बगलां’ म्हणालात. माझ्या ध्यानात आहे.) मी खूप विचार केला आणि असं ठरवलं की अबोला हा तोंडाचा असतो. शाईविषयी आपलं काही ठरलेलं नव्हतं. तेव्हा या पत्राने अबोला मोडला असं आपण दोघांनीही समजू नये.

मला विषय सोडून भटकायची खोड आहे, म्हणून मुद्दा आधीच लिहून टाकतो. येत्या सोमवारी धोंडू कुऱ्हाड घेऊन तुमच्याकडे येणार आहे, आणि गडग्याला लागून तुमचं जे शेवटचं जायफळ उभं आहे ते पाडून तिथे माड लावायचा तुमचा बेत आहे, असं मला खात्रीलायक समजलं. दादा, ते झाड तोडू नका. त्याला फळ धरत नाही हे मला ठाऊक आहे. धरत नाही म्हणून मी अकरा वर्षं हसत आलो आहे. तरीही तोडू नका. त्याचं कारण सांगण्यासाठी हे पत्र. कारण लांबलचक आहे, आणि असं नवलाचं आहे की ते कळल्यापासून तीन दिवस मला धड जेवण जात नाही. भाताचा घास हातात घेतो आणि त्याच्यातसुद्धा धागे असतील का, असा विचार करत बसतो. तुमची भावजय यमुना म्हणते की वेड लागलं. लागलं असेल, पण फार चांगल्या जातीचं लागलं आहे.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण क्रम लागावा म्हणून मागचं लिहितो. पंचेचाळीस साली थोरल्या काकांनी (म्हणजे तुमच्या बाबांनी) खाडी ओलांडून पेडण्याकडून जायफळाचं बी आणलं. सहा रोपं रुजली. सत्तेचाळीसात वाटण्या झाल्या तेव्हा ती कमरेएवढी होती. तीन पूर्वेला, तीन पश्चिमेला. पूर्व कोणाची आणि पश्चिम कोणाची हे माणसांनी ठरवलं नाही. देवळात कौल लावला. गुरवाने पाषाणाच्या दोन अंगांना पाण्याने फुलांचे दोन कळे चिकटवले, उजवा थोरल्याचा, डावा धाकट्याचा, आणि गाऱ्हाणं घातलं की ज्याचा कळा आधी सुटेल त्याने पूर्व घ्यावी. डावा सुटला. सगळ्या गावाने बघितलं. मग मधे गडगा पडला, आणि पूर्व माझी झाली.

पुढे चोपन्न साली माझ्या तिन्ही झाडांना फळ धरलं. तुमच्या तिन्हींना फुलंच फुलं, घोसांनी, खाली सडा पडायचा आणि सकाळी वास असा सुटायचा की आमच्या ओटीपर्यंत यावा. पण फळ एक नाही. तुम्ही शेण घातलंत, मग मासळीचं खत घातलंत (तो वाससुद्धा आमच्या ओटीपर्यंत आला), वहिनींनी बुंध्याला हळदकुंकू लावलं. काही नाही. पुढल्या वर्षी मी गडग्याला टेकून ‘दादा, ह्येका हातगुण लागता’ असं म्हणालो. तुम्ही वर बघितलंत आणि म्हणालात, ‘तुका म्हायत होतां. तू बगान घेतलंस.’ तिथून पुढे आजच्या या पत्रापर्यंत आपण एकमेकांशी अक्षर बोललो नाही. मी बघून घेतली, म्हणजे फळणारी कुठली हे मला आधी कळलं होतं, असा तुमचा आरोप. दादा, तो आरोप मला फार लागला. हातावर पोळल्यासारखा लागला.

आणि माणसाला असं लागलं की तो काय करतो? तो आपला हातगुण सिद्ध करायला निघतो. मी माझ्या फळांच्या बिया रुजवल्या आणि गावोगाव रोपं वाटली. नुसती वाटली नाहीत, तर ती फळणारीच आहेत असा शब्द देऊन वाटली. माझी खूण होती. पान रुंद आणि फांदी आडवी गेली की ती मादी. पान अरुंद आणि फांदी वर गेली की तो नर, उपटून टाकावा. (ही खूण मी कुठे शिकलो ते इथे महत्त्वाचं नाही.) मी रोपाजवळ उकिडवा बसायचो, पान दोन बोटांत धरायचो, डोळे मिटायचो आणि सांगायचो. डोळे मिटायची काही गरज नव्हती, पण लोकांना ते आवडायचं. अशी एकंदर चौदा रोपं माझ्या हातून गेली. एक कसालच्या महादू दुकानदाराकडे, एक आपल्या मासळीवाल्या गोदूबाईकडे, बाकीची सोयऱ्याधायऱ्यांत. जायफळ सात-आठ वर्षं फुलत नाही हा त्या झाडाचा मोठा गुण. तोपर्यंत माझं नाव चांगलं चाललं.

त्रेसष्टापासून ती फुलायला लागली. पहिली आली गोदूबाई. तुम्ही तिला रोज बघता, टोपली डोक्यावर असली तर तिचा आवाज बांधापर्यंत जातो, आणि टोपली उतरवली तर खाडीपलीकडे. त्या दिवशी तिने टोपली आमच्या अंगणात उतरवली. ‘आठ वर्सां घागरीन पानी घातलंय रे गुणाजी! तू चेडू म्हणान दिलंस, आनि ह्यो झील निघालो! आनि झील तरी कसो? नटता, वास मारता, आनि कामाक नाय!’ मी म्हणालो, गोदूबाय, कधी कधी असं होतं. ती म्हणाली, ‘होता? मग डोळे कित्याक मिटलंस?’ मी तिची टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. (तुमच्या ओटीवर त्या वेळी कोणी तरी फार वेळ हसत होतं. मी बघितलं नाही, पण वहिनी इतक्या जाड आवाजात हसत नाहीत.) मग कसालचा महादू एस. टी. ने आला. त्याने काही शिवीगाळ केली नाही. फुलांनी भरलेली एक फांदी आणली, आमच्या ओटीवर ठेवली, चहा घेतला आणि निघून गेला. ते मला जास्त लागलं. हिशेब असा निघाला की चौदांपैकी सहा फळली आणि आठ निघाली तुमच्यासारखी. क्षमा असावी, तुमच्या झाडांसारखी.

आता नवलाकडे येतो. यमुनेच्या मावसबहिणीची मुलगी सावित्री कोल्हापुरास कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती गेल्या शुक्रवारी आमच्याकडे आली. बरोबर एक लाकडी पेटी, आणि पेटीत पितळेचं सूक्ष्मदर्शक यंत्र. झाडांमध्ये नर-मादी वेगळे कसे झाले याचा ती अभ्यास करते आणि त्यासाठी तिला जायफळ हवं होतं. मी म्हटलं, नवरा-बायको वेगळे कसे झाले याचा अभ्यास करायला लोक कोर्टात जातात, तू झाडाकडे कशाला आलीस? ती हसली नाही. ती हुशार आहे, पण तिला कामाच्या वेळी हसायला येत नाही.

तिने मला यंत्रात बघायला लावलं. पहिला सगळा दिवस मला माझ्या पापणीचे केस दिसले. मी त्यांचंच खूप कौतुक केलं, म्हणालो, काय सुंदर धागे आहेत! तिने शांतपणे माझं डोकं दोन बोटं मागे सारलं. आणि दादा, मग दिसलं! कांद्याच्या मुळाचं टोक तिने रंगात बुडवून काचेवर चिरडलं होतं, त्यात लाल-लाल बारीक दोऱ्यांचे तुकडे, जसे शिवणाऱ्याच्या पायाशी पडतात तसे. ही म्हणे गुणसूत्रं. पान कसं असावं, फळ कसं असावं, नाक कसं असावं, सगळं त्या दोऱ्यांत लिहिलेलं. ती प्रत्येकात जोडीने असतात, एक आईकडचं, एक बापाकडचं. माणसात सेहेचाळीस, म्हणजे तेवीस जोड्या. बायकांच्या तेविसांच्या तेवीस जोड्या सारख्या. पण पुरुषांच्या बावीसच जोड्या सारख्या, आणि तेविसाव्या जोडीत एक धागा लांब आणि दुसरा एवढासा, थोटका, खुरटा. तो खुरटा ज्याला मिळाला तो झील, म्हणजे मुलगा. आणि तो खुरटा धागा बापाकडेच असल्यामुळे मूल काय होणार हे बापाकडून ठरतं. हे ती सांगत होती तेव्हा आत खोबरं खवण्याचा आवाज चालू होता. तो थांबला. यमुना दारात येऊन म्हणाली, ‘आयकलात? तीन चेडवां झाली म्हणान तुमच्या आवशीन माका सोळा सोमवार धरूक लायले. आता रवलेले तुमी धरा.’ मी घाईघाईने विचारलं की कोंबड्यांचं कसं. सावित्री म्हणाली, कोंबड्यांचं उलट आहे काका, कोंबड्याची जोडी सारखी आणि कोंबडीची विजोड, तिथे कोंबडी ठरवते. ‘कोंबड्येचां तरी घरात चलतां म्हणायचां,’ असं बोलून यमुना आत गेली. नाकतोड्यात तर तो खुरटा धागा झिजून झिजून नाहीसाच झाला आहे, नराला एक धागा कमीच. मी नाकतोड्यांकडे आता निराळ्या नजरेने बघतो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मी तिला विचारलं की तो एक धागा खुरटा का? मुळातच तसा होता? ती म्हणाली, नाही काका. दोन्ही धागे मुळात सख्ख्या भावांसारखे सारखे होते. इतर सगळ्या जोड्या पुढच्या पिढीत जायच्या आधी शेजारी शेजारी येतात आणि आपले तुकडे एकमेकांना देतात-घेतात. एकाचं काही बिघडलं तर दुसऱ्याकडून चांगला तुकडा येतो. म्हणून त्या धडधाकट राहतात. पण नर-मादी वेगळे झाले की नराचं ते नराकडेच आणि मादीचं ते मादीकडेच राहिलं पाहिजे, तुकडे सरमिसळ झाले तर घोटाळा होतो. म्हणून त्या एका जोडीची देवाणघेवाण बंद पडली. आधी थोड्या भागाची, मग आणखी, मग जवळजवळ सगळी. मधे गडगाच पडला म्हणा. आणि ज्याला देणारं-घेणारं कोणी उरलं नाही तो धागा पिढ्यान् पिढ्या मोडत गेला, झिजत गेला, खुरटला. मग लांब धागा का नाही झिजला, असं मी विचारलं. (मी हल्ली चांगले प्रश्न विचारतो.) कारण बायकांमध्ये तो जोडीने असतो, तिथे त्यांची देवाणघेवाण चालूच आहे.

दादा, मी यंत्रावरून डोकं काढलं आणि परसात बघितलं. आमची यमुना गडग्यावरून वाटी देत होती आणि पलीकडून बांगड्या घातलेला एक हात ती घेत होता. हे अकरा वर्षं चालू आहे! मीठ जातं, विरजण येतं, कोकमाची सोलं जातात, जायफळाच्या सालीचं लोणचं जातं (होय, तुम्ही जे ‘कुडाळच्या पाव्हण्याचं’ म्हणून खाता ते आमचं) आणि तुमच्या धोंडूची बातमीसुद्धा याच वाटेने आली. अबोला तुमचा-माझा, त्या दोघींचा कधी नव्हताच. त्या दोघी बघा कशा ठणठणीत आहेत. आणि आपण दोघे बघा. तुमचा खोकला, माझी कंबर. तो खुरटा धागा कोण हे मला यंत्राशिवाय दिसलं.

मग रविवारी ती माझी झाडं बघायला परसात गेली. माझी तिन्ही झाडं फिरून बघितली आणि विचारलं, ‘यातला नर कुठला?’ मी छाती काढून म्हणालो, आमच्याकडे नर नाही, आमची सगळी फळणारी आहेत. ती म्हणाली, ‘सगळी फळणारी असती तर एकही फळलं नसतं. नर कुठे तरी असलाच पाहिजे.’ आणि तिने मान वर करून हवा हुंगली. तुम्ही त्या दिवशी सावंतवाडीस गेला होता म्हणून तुम्हाला ठाऊक नसेल, पण ती पदर खोचून सरळ गडग्यावर चढली. मी ‘अगो, अगो, थंय नको!’ म्हणेपर्यंत पलीकडे उतरली. वहिनींनी तिला चहा दिला, कुळथाचं पिठलं दिलं, तासाभराने ती तुमच्या झाडाच्या फुलांचा घोस घेऊन परत आली, तोसुद्धा गडग्यावरूनच. घोस माझ्या पुढे धरला. ‘हा बघा नर. फुलं घोसाने, देठ बारीक, आत नुसते पराग. मादीचं फूल एकेकटं आणि बुडाशी फुगीर. बारीक किडे इथला पराग तिथे नेतात. दहा माद्यांना असा एक पुरतो. पण तो एक नसला तर दहांचं एकसुद्धा फळत नाही.’

मी गडग्यावर बसलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा बसलो. ज्या झाडाला मी वांझ म्हणत होतो, ज्याच्यावरून तुम्हाला देवळात, बाजारात, दोन लग्नांत आणि एका बाराव्याला, आभाळाकडे बघून, टोमणे मारले, त्याच्या जिवावर माझी फळं! तुम्ही शेण घातलंत, मासळीचं खत घातलंत, वहिनींनी हळदकुंकू लावलं, आणि धरलं ते गडग्याच्या अलीकडे!

आता एक कबुली. अठ्ठावन्न साली तुम्ही पहिलं झाड पाडलंत आणि त्यापुढे माझं फळ घटलं. एकसष्टला दुसरं पाडलंत, आणखी घटलं. मला वाटलं, तुमची नजर लागली. म्हणून मी मधल्या झाडावर एक मडकं टांगलं, चुन्याने डोळे काढले, जीभ बाहेर काढली आणि तोंड तुमच्या ओटीकडे केलं. (मडक्याला मिश्या होत्या आणि त्या तुमच्यासारख्या होत्या, हे लोक म्हणतात ते खरं आहे.) ते मडकं मी आज सकाळी उतरवलं. तुमच्या नजरेचा काही दोष नव्हता. तुमच्या कुऱ्हाडीचा होता.

आणि ज्याच्यामुळे मी आनंदाने नाचायचा बाकी आहे ते ऐका. मी सावित्रीला विचारलं की रोप लहान असताना ते नर की मादी हे ओळखता येतं का? पानावरून? फांदीवरून? ती म्हणाली, मुळीच नाही. जगात कोणालाही येत नाही. यंत्राखालीसुद्धा येत नाही, कारण माणसाच्या जोडीसारखा लांब आणि खुरटा असा फरक जायफळाच्या धाग्यांत अजून कोणाला धड दाखवता आलेला नाही. विजोड जोडी नराकडे आहे की मादीकडे यावरच विद्वानांचं एकमत नाही. माणसात हे फार जुनं आहे, काही झाडांत अलीकडचं, म्हणून दोन्ही भाऊ अजून सारखेच दिसतात. माणसाने एकदा, पक्ष्यांनी निराळं, पपईने निराळं, ज्याने त्याने आपापल्या घरात ही वाटणी नव्याने करून घेतली आहे. (वाटण्या करायची हौस आपल्याच गावाला आहे असं मला वाटायचं.) माझी ती चौदा रोपं तिला सांगितली तर ती म्हणाली, सहा आणि आठ, म्हणजे जवळजवळ निम्मे-निम्मे, अगदी व्हायला पाहिजे तसंच. तुम्ही डोळे उघडे ठेवून दिली असतीत तरी एवढीच फळली असती.

तेव्हा दादा, शांतपणे विचार करा. ‘तुका म्हायत होतां’ असं तुम्ही म्हणालात. मला माहीत असणं शक्यच नव्हतं! सत्तेचाळीस साली कमरेएवढ्या रोपांत काय आहे ते या जगात कोणालाच माहीत असू शकत नव्हतं. शास्त्राने मला निर्दोष सोडलं. कोल्हापूरच्या कॉलेजाने सोडलं. तुम्ही सोडा.

झाड वाचवायला मी तुमच्यापर्यंत न येता काही करता येईल का तेही करून बघितलं. काल धोंडूकडे गेलो. सोमवारी अमावास्येची छाया आहे, लोखंड हातात धरू नये, असं सांगितलं. तो कुऱ्हाडीला धार लावत होता. म्हणाला, ‘भाऊनू, अमावास्येक सोमवारपासून आजून सा दिवस आसत. दादान सोमवार सांगलो, मी सोमवारी येतलंय. तुमका नको आसात तर दादाक सांगा.’ मी म्हटलं, आमचा अबोला आहे. ‘अबोलो तुमचो,’ तो म्हणाला, ‘कुऱ्हाड माजी. ती कोणाशी अबोलो धरना नाय.’ म्हणून हे पत्र.

तर विनंती एवढीच की धोंडूला नको म्हणून सांगा. माड लावायचाच असेल तर विहिरीच्या अंगाला लावा, तिथे पाणीही चांगलं आहे. ते झाड दोन्ही घरांचं आहे असं समजून फळांचा निम्मा वाटा दर साल गडग्यावर ठेवत जाईन. तुम्ही बोलायची गरज नाही. आभाळाकडे बघून न्यावा. लहानांस आशीर्वाद. चुकभूल माफ करावी.

आपला धाकटा,
गुणाजी

ता. क. सावित्रीला रविवारी सकाळी नऊच्या सुमारास नराच्या कोवळ्या कळ्या हव्या आहेत, उमलायच्या आतल्या. त्याच वेळी माझ्या झाडांच्याही खुडायच्या, म्हणजे दोन्हींचे धागे शेजारी शेजारी ठेवून बघता येतील. यंत्रात आधी तुम्ही बघावं. पापणी जरा मागे ठेवायची असते.

ता. क. २. पाकीट लवू पोस्टमनच्या हातात दिलं तर तो म्हणतो की ते आधी सावंतवाडीस जाणार, शिक्का बसणार आणि तुमच्या हातात मंगळवारी पडणार. मी म्हटलं, अरे, ते घर तुझ्या पाठीमागे आहे, वळ आणि दे. तो म्हणाला, टपालाला वळता येत नाही. तेव्हा पाकीट परत घेतलं आणि ते यमुनेकडून वहिनींकडे, वहिनींकडून तुमच्याकडे, असं पाठवतो आहे. तिकीट लावलेलं आहेच. पत्र टपालाने आलं असंच समजावं.

ता. क. ३. यमुनेने पाठवायच्या आधी सगळं वाचून घेतलं. (सावित्रीने वाचून दाखवलं, आणि दोघींनीही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.) यमुना म्हणते, ‘सगळां लिवलात, आनि ज्येच्यासाठी इतकी वर्सां झोप नाय ताच लिवूक नाय.’ ते लिहिल्याशिवाय ती पत्र नेणार नाही म्हणून बसली आहे. तर दादा, ती रुंद पानाची खूण मला थोरल्या काकांनी सांगितली होती, पंचेचाळीस सालीच. पेडण्याच्या माळ्याने ती त्यांना सांगितली होती. तुम्ही तेव्हा मालवणास मास्तरकीच्या परीक्षेला गेला होता आणि पाणी घालायला मी होतो, म्हणून मला सांगितली. पूर्वेच्या तिन्ही रोपांची पानं रुंद होती. कौलाच्या आदल्या सांजेला मी देवळात दिवा लावायला गेलो, आणि समईतलं हाताला राहिलेलं तेल पाषाणाच्या डाव्या अंगाला पुसलं. तेलावर पाण्याचा कळा कितीसा टिकणार? गुरवाला काही माहीत नव्हतं. देवाला असेल. तुम्ही म्हणालात ते खरं होतं, मी बघून घेतली. फक्त मला जे दिसलं असं वाटलं ते तिथे नव्हतंच, म्हणजे लबाडी केली खरी, पण ती शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी होती. हे मी यमुनेला समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘पन फळां तुमीच खाल्लात.’

तिचं बरोबर आहे. म्हणून वर लिहिलेला निम्मा वाटा आणि विद्वानांचं मत, दोन्ही बाजूला ठेवा. माझ्या तिन्हींपैकी कुठलं झाड तुमचं ते तुम्हीच सांगा, या खेपेला कौल नको. आणि हे वाचून राग आवरलाच नाही, तर सोमवारी धोंडूची कुऱ्हाड घ्या आणि खुशाल गडग्याच्या अलीकडे या. मी दिवसभर घरीच आहे. तुमच्या त्या झाडाला मात्र हात लावू नका.